काट्यावर नजर असू द्या

रहाटणीच्या एका गॅरेजात परवा जुनी अमेरिकन डॉज पाहिली. १९४४ साली शेठ वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर कंपनी काढली, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातही पुढे डॉज बनू लागल्या. ही मात्र थंड मुलखातली. डॅशबोर्डवर हीटरचा दांडा!

आपल्या उन्हात हीटर कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण त्याला वेगळी शेगडी नसते. इंजिनात तापलेलं पाणी छोट्या जाळीतून फिरतं आणि पंखा तिची ऊब आत सोडतो. म्हणजे तो धाकटा रेडिएटरच! घाटात गाडी तापली की जाणता ड्रायव्हर हीटर सोडी. माणसं घामाघूम होत, इंजिन वाचे.

तुमच्या ट्रॅक्टरला हीटर नसेल, पण तापमानाचा काटा आहे. तो तांबड्या पट्ट्यात गेला की काम थांबवा, इंजिन थोडा वेळ मंद चालवा. तरीही काटा चढला तर बंद करा. रेडिएटरच्या जाळीतला भुसा झाडा. आणि तापलेलं झाकण कधीही उघडू नका. कोंडलेलं उकळतं पाणी थेट तोंडावर उसळतं. इंजिन निवू द्या, मगच हात लावा. घरच्या पोरांनाही हे आजच सांगून ठेवा.