भाऊबंदकीत जळालेली गोदी

परवा दौंडला टपरीवर वाद पेटला. मराठ्यांचं आरमार कुणी बुडवलं? एक म्हणे इंग्रजांनी, दुसरा म्हणे पेशव्यांनी. पाच मिनिटांत दोघंही जातीवर घसरले. मी चहा संपवून उठलो, पण विषय डोक्यातून जाईना.

तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हता, हे खरंच आहे. पण हे घरचं भांडण मिटवायला नानासाहेबांनी मार्च १७५५ मध्ये मुंबईकर इंग्रजांशी करार केला. आधी सुवर्णदुर्ग पडला. मग १२ फेब्रुवारी १७५६ ला वॉटसनची जहाजं क्लाइव्हची फौज घेऊन विजयदुर्गच्या खाडीत शिरली. एक गोळा आंग्र्यांच्या जहाजावर पडला, आग लागली आणि शेजारी नांगरलेलं सगळं आरमार एका संध्याकाळी गेलं. किनाऱ्यावर बांधणीला असलेली गलबतंसुद्धा. किल्ल्यातली लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली, पेशव्यांना छदाम नाही.

लोक म्हणतात, जहाजं जळाली. अहो, लढाईत जहाजं जायचीच! बैल मेला तर बाजारातून दुसरा आणता येतो, पण भावाची जिरवायला बाहेरचा माणूस बोलावून सामाईक विहीरच बुजवली तर? गोदी ही ती विहीर. सागवान, सुतार, लोहार, दोर वळणारे, शीड शिवणारे आणि त्यांना वेळेवर पैसा देणारा धनी. कान्होजींपासून जमत आलेली ही घडी होती.

विजयदुर्ग पुढं पेशव्यांना मिळाला, पण बदल्यात बाणकोट देऊन. धुळपांनी १७८३ मध्ये कंपनीचं ‘रेंजर’ पकडलं, म्हणजे हिंमत संपली नव्हती. पण तोवर मुंबईच्या गोदीत वाडियांचं काम जोरात होतं. तिथंच १८१३ मध्ये बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’वर १८४२ मध्ये चीनला तह करावा लागला. एवढी ती गोदी पुढं गेली!

आता म्हणाल, आपल्या शिरूर-दौंडला समुद्राचं काय? १८०२ मध्ये परत भाऊबंदकी. यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशव्यांच्या फौजेला हरवलं. दुसरे बाजीराव कोकणात पळाले आणि इंग्रजांच्याच जहाजातून वसईला गेले. स्वतःचं आरमार असलेल्या राज्याचा धनी दुसऱ्याच्या जहाजात! ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला, कंपनीची फौज देशावर आली आणि आपल्या घोडनदीला तिची छावणी पडली. १८१८ ला कोरेगावात लढलेली कंपनीची पलटण इथूनच निघाली होती. त्या छावणीचा रस्ता मला तरी विजयदुर्गच्या खाडीतून येताना दिसतो. यात जात कुठं आली?

विजयदुर्गजवळ गिर्येला कातळात खोदलेली जुनी गोदी आहे. आपल्या शाळांच्या सहली दरवर्षी महाबळेश्वरलाच जातात. मुख्याध्यापक मंडळींनो, यंदा एक बस तिकडं वळवा. माहिती सांगायला मी येतो, फुकट. फक्त खिडकीची सीट ठेवा, घाटात मला गाडी लागते.