निलंग्याचे आजोबा आणि नातू

घरांतील वडील माणसानें कारभार केव्हां सोडावा, हा एकत्र कुटुंबांतील जुना प्रश्न होय. राजकारणांत त्याचा निकाल मतदार लावतात. धाराशिवकडील असेंच एक उदाहरण आम्ही वाचकांपुढें ठेवतों.

शिवाजीराव पाटील निलंगेकर 1962 सालीं प्रथम विधानसभेवर गेले. निलंगा तेव्हां उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत होतें. लातूर जिल्हा 1982 सालीं निराळा झाला. 1985 च्या जूनमध्यें ते मुख्यमंत्री झाले. परंतु कन्येच्या वैद्यकीय परीक्षेंतील गुणांच्या प्रकरणीं उच्च न्यायालयानें ताशेरे ओढल्यावर 1986 च्या मार्चमध्यें त्यांस तें पद सोडावें लागलें. अपत्यप्रेम घरांत भूषण ठरतें. अधिकारपदावर त्याचा नुसता संशयहि भोंवतो. पुढें सुशीलकुमार शिंदे यांच्या मंत्रिमंडळांत त्यांनीं साधें मंत्रिपद पत्करलें, हें मात्र त्यांच्या चिकाटीचें द्योतक आहे.

2004 सालीं त्यांचे नातू संभाजी यांनीं भारतीय जनता पक्षातर्फे आजोबांस हरविलें. 2009 सालीं आजोबांनीं ती जागा परत जिंकली. 2014 सालीं नातू पुन्हा निवडून आले व पुढें मंत्रीहि झाले. 2020 च्या ऑगस्टमध्यें शिवाजीराव निवर्तले.

घरांत वडीलकी वयानें मिळते. मतदारसंघांत ती दर खेपेस मागून घ्यावी लागते, हें आम्हांस इष्टच वाटतें. तथापि दोन्हीं बाजूंस एकच घराणें उभें असतां मतदाराची निवड कितपत मोकळी राहते, ह्याचा विचार सुज्ञ वाचकांनीं अवश्य करावा.