रुग्णाची झोप: पाहून नव्हे, विचारून

रुग्णाच्या झोपेचे मूल्यमापन हा शुश्रूषेचा नित्याचा भाग आहे. नाडी, ताप आणि रक्तदाब यांच्याइतकीच त्याची नोंद नियमित हवी. झोप मोडली की वेदना अधिक जाणवते, रक्तातील साखर आटोक्यात ठेवणे अवघड होते आणि वृद्ध रुग्णाला भ्रम होण्याची शक्यता वाढते. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर यांसारख्या गजबजलेल्या पालिका रुग्णालयांत असे मूल्यमापन जमणार नाही, असे कोणी म्हणेल. त्यासाठी दिली जाणारी चार कारणे टिकणारी नाहीत.

पहिले कारण असे की रात्रीच्या फेरीत सिस्टर रुग्णाला पाहतातच. पण मिटलेले डोळे म्हणजे झोप नव्हे. परिचारिकेची नोंद आणि रुग्णाचे स्वतःचे सांगणे ताडून पाहिलेल्या अनेक अभ्यासांत परिचारिकेने झोप अधिक चांगली मानल्याचे दिसले आहे. झोपेची खोली मेंदूच्या लहरींवरून कळते, पण ती तपासणी रोज प्रत्येक खाटेवर करता येत नाही. म्हणून शुद्धीत असलेल्या रुग्णाला विचारणे हाच खात्रीचा मार्ग उरतो.

दुसरे कारण वेळेचे. रिचर्ड्स-कॅम्पबेल प्रश्नावलीत मुख्य प्रश्न पाचच आहेत: झोप किती गाढ होती, ती यायला किती वेळ लागला, किती वेळा जाग आली, पुन्हा झोप लागली का आणि एकूण झोप कशी झाली. प्रत्येक उत्तर ० ते १०० या पट्टीवर मांडायचे असते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अतिदक्षता विभागातील ७० रुग्णांची उत्तरे यंत्राच्या नोंदीशी ताडून पाहिली गेली. प्रश्न वाचून दाखवले तरी काम काही मिनिटांत होते. १९८९ ची पिट्सबर्ग प्रश्नावली गेल्या महिनाभराच्या झोपेविषयी विचारते. ती दाखल होताना उपयोगी आहे, रोजच्या नोंदीसाठी नाही.

तिसरे कारण गोळीचे: झोप येत नसेल तर गोळी दिली की भागते. झोपेची गोळी रुग्णाला झोपवते, पण त्याची झोप का मोडते हे सांगत नाही. वेदना, वारंवार लघवी, धाप, चिंता किंवा घोरताना अडणारा श्वास यांवर उपाय वेगवेगळे आहेत. वृद्धांत या गोळ्यांमुळे तोल जाऊन पडण्याचा आणि गोंधळल्या अवस्थेचा धोका असतो. कारण न शोधता दिलेली गोळी म्हणूनच चुकीची ठरते.

चौथे कारण गोंगाटाचे: शहराचा आवाज परिचारिकेच्या हातात नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालयांभोवतीच्या शांतता क्षेत्रात रात्रीची मर्यादा ४० डेसिबल आहे. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये या नियमांच्या अंमलबजावणीसाठी सविस्तर आदेश दिले. रस्त्यावरचा आवाज हे प्रशासनाचे काम खरेच. पण जागतिक आरोग्य संघटनेची वॉर्डातील रात्रीची शिफारस ३० डेसिबलची आहे, आणि आतला आवाज आतल्यांच्याच हातात असतो. ट्रॉलीची चाके, मोबाइल, डोळ्यांवर येणारे दिवे आणि मध्यरात्रीची टाळता येण्याजोगी रक्ततपासणी यांवर वॉर्डातच उपाय होतो.

मूल्यमापनाचा क्रम सोपा आहे. दाखल होताना रुग्णाची घरची सवय विचारावी. पहाटेची लोकल पकडणारा नोकरदार आणि डोंबिवली एमआयडीसीत रात्रपाळी करणारा कामगार यांची झोपेची वेळ सारखी नसते. रोज सकाळी पाच प्रश्न विचारून जाग कशाने आली तेही लिहावे. त्या रात्री शक्य तेवढी औषधे आणि तपासण्या एकाच वेळी उरकाव्यात. दुसऱ्या सकाळी फरक पडला का ते पाहावे. बेशुद्ध किंवा गोंधळलेल्या रुग्णाच्या बाबतीत ठरावीक वेळी निरीक्षण करून, ते निरीक्षणच आहे असे स्पष्ट नोंदवावे. गंभीर रुग्णाच्या आवश्यक तपासण्या मात्र झोपेसाठी टाळू नयेत.

यासाठी नवे यंत्र किंवा मोठा खर्च लागत नाही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतील प्रत्येक रुग्णालयाने नर्सिंग चार्टमध्ये झोपेचा एक रकाना घालावा आणि ड्युटी बदलताना तो वाचून दाखवावा.