परदेशी विद्या आणि शेतकऱ्याचा सातबारा

उसाचे बिल हाती आले म्हणजे शेतकरी पहिल्याने कपातीचा रकाना पाहतो. सोसायटीचे कर्ज, पाणीपट्टी, अमुक निधी, तमुक निधी असे भरलेल्या त्या रकान्यात आणखी एक ओळ घालावी असे सुचविणाऱ्यास आमचे वाचक दारात उभेही करणार नाहीत, हे आम्ही जाणून आहो. तरीही आज आम्ही तेच सुचविणार आहो. आमचे म्हणणे वाचकांनी शेवटपर्यंत ऐकून घ्यावे व मग हवा तो निकाल द्यावा, एवढीच प्रार्थना.

आमची हयात महसूल खात्यात कारकुनी करण्यात गेली. सातबाऱ्यावरील इतर हक्कांच्या रकान्यात विहिरीचा, मोटारीचा, पाइपलाइनीचा, क्वचित लग्नकार्याचाही बोजा चढलेला आम्ही पाहिला व कमी झालेलाही पाहिला. परंतु नोकरीच्या अखेरीस घडलेली एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. अडीच एकर बागायतीचा एक धनी उतारा घेण्यास आमच्या टेबलापाशी आला. त्याची मुलगी कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षात होती. हॉलंडमधील एका संशोधन संस्थेने तिला सहा महिने प्रयोगशाळेत काम शिकण्यासाठी बोलाविले होते. फी काही नव्हती. परंतु विमानाचे भाडे, व्हिसा, विमा आणि तेथील राहणे-जेवण ज्याचे त्याने पाहावयाचे होते. उतारा घेऊन हा गृहस्थ बँकेत गेला व दोनच दिवसांनी परत आला. बँकेने दोन गोष्टी सांगितल्या होत्या. सहा महिन्यांचे काम म्हणजे पदवीचा अभ्यासक्रम नव्हे, म्हणून त्यास शैक्षणिक कर्ज नाही. आणि दुसरे कर्ज हवे असल्यास तारण म्हणून बिगरशेती मिळकत हवी, रान चालणार नाही. तो आम्हास म्हणाला, "भाऊसाहेब, पाणी हाय, पीक हाय, रस्त्याला लागून रान हाय, आणि ब्यांक म्हणती याला किंमत न्हाई. ह्ये कसं?" त्या वेळी आम्हास उत्तर देता आले नाही. मुलीची मुदत टळून गेली.

उत्तर पुढे आम्ही शोधून काढले, ते असे. २००२ च्या ज्या कायद्याने बँकेस न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेता येते, त्या कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. हे वगळणे शेतकऱ्याच्या रक्षणासाठीच आहे व ते योग्यच आहे. कर्जापायी रान बँकेच्या हाती सहजी जाऊ नये, हे कोणास नको आहे? परंतु त्याचा उलटा परिणाम असा की, पीककर्ज सोडून अन्य कामी रानास बँकेच्या दारात फारशी पत उरली नाही. पदवीसाठी परदेशी जाणाऱ्यासही साडेसात लाखांवरील कर्जास तारण मागतात. शहरातील नोकरदाराचा दोन खोल्यांचा फ्लॅट त्या कामी येतो, आणि अडीच एकर बागायत येत नाही. दोन-चार गुंठे विकून गरज भागवावी म्हटले तर १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आडवा येतो. उरला तो सावकार.

परदेशी विद्येस आपल्या मुलखातून आजवर तीन वाटा गेल्या. पहिली वाट बापाच्या रानातून. पंजाबराव देशमुख १९२० साली विलायतेस गेले, ते वडिलांनी शेती गहाण टाकून कर्ज काढले म्हणून. पुढे ते देशाचे कृषिमंत्री झाले आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ आज त्यांचे नाव चालविते. दुसरी वाट स्वतःच्या अंगमेहनतीची. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे अमेरिकेत मिळेल ते काम करून शेतीशास्त्र शिकले व पुढे मेक्सिकोतील चापिंगोच्या कृषी विद्यालयात मक्याच्या वाणांवर काम करून नावारूपास आले. तिसरी वाट राजाश्रयाची. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ साली डॉ. आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कला पाठविले. आणि १९२० साली ते अपुरा अभ्यास पुरा करण्यास पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा आपल्या शाहू महाराजांनी त्यांस द्रव्यसाहाय्य केले. त्याच वर्षी मार्च महिन्यात कागल जहागिरीतील माणगावी परिषद भरली होती, हे जिल्ह्यातील वाचकांस सांगावयास नको.

यातून शेतकऱ्यास काय मिळाले, असे कोणी विचारील. डॉ. आंबेडकरांनी परदेशातून परतल्यावर १९१८ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्याचा विषय हिंदुस्थानातील लहान जमीनधारणा व तिच्यावरील उपाय हाच होता. ज्या तुकड्यांनी आज आपण गांजलो आहो, त्यांचे दुखणे शंभर वर्षांपूर्वी परदेशात शिकून आलेल्या माणसाने शास्त्रशुद्ध मांडले होते. पुढे १९३७ साली कोकणच्या कुळांसाठी खोती नष्ट करण्याचे बिल त्यांनीच कायदेमंडळात आणले. एका विद्यार्थ्यावर खर्चिलेल्या साडेअकरा पौंडांचे व्याज कोणत्या खात्यावर जमा होते, हे त्यावरून दिसेल.

आज राजे राहिले नाहीत. करवीर संस्थान १९४९ साली विलीन झाले. राजांची जागा शासनाने काही अंशी घेतली आहे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने परदेश शिष्यवृत्ती आहे. मराठा-कुणबी समाजाच्या विद्यार्थ्यांसाठी सारथी संस्थेने २०२३ पासून सयाजीराव महाराजांच्या नावाने तशीच योजना काढली. दोहींत वर्षास ७५ विद्यार्थी जावेत अशी योजना आहे. नावेही योग्य निवडली. परंतु या शिष्यवृत्त्या जगातील वरच्या क्रमांकाच्या विद्यापीठांत पदव्युत्तर पदवी किंवा पीएच.डी. करणाऱ्यांसाठी आहेत. जी मुलगी सहा महिने एखाद्या संशोधन केंद्रावर राहून पाण्याचे, मातीचे किंवा कीडनियंत्रणाचे काम हाताने शिकू पाहते, तिच्यासाठी त्यांत रकाना नाही. आणि ब्राझील किंवा ऑस्ट्रेलियातील ऊस-संशोधनाची काही केंद्रे तर विद्यापीठेच नव्हेत. तेथे पदवी मिळत नाही, केवळ ज्ञान मिळते!

मध्यंतरी एक बरी सोय झाली होती. भारतीय कृषी अनुसंधान परिषद आणि जागतिक बँक यांनी निम्मा-निम्मा भार उचलून सुमारे ११०० कोटी रुपयांचा राष्ट्रीय कृषी उच्चशिक्षण प्रकल्प २०१७ च्या सुमारास हाती घेतला. आपले कोल्हापूरचे कृषी महाविद्यालय ज्याच्या कक्षेत येते, त्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठास त्यातून हवामान-अनुकूल शेती व पाणी-व्यवस्थापनाचे केंद्र मिळाले. परभणीच्या विद्यापीठास डिजिटल शेतीचे मिळाले. विद्यार्थ्यांना व अध्यापकांना परदेशी शिकावयास पाठविण्याची तरतूदही त्यात होती. परंतु प्रकल्प म्हणजे पावसाळी ओढा. मुदत असेतोवर वाहतो, मग आटतो. आम्हास विहीर हवी आहे.

या सूचनेवर आक्षेप येतील, व ते खोटे नसतील. पहिला असा की, ज्ञान काय परदेशातच असते? नव्हे. कोइमतूरच्या ऊस संस्थेत को २०५ हा वाण १९१८ च्या सुमारास निपजला तो याच देशात. परंतु त्याची वंशावळ पाहावी. नदीकाठच्या आपल्या रानटी उसाचा काटकपणा आणि ज्याची मूळ भूमी न्यू गिनीकडची, त्या जाड उसाचा गोडवा, असा तो संकर होता. केवळ घरचे असते तर गोडी नव्हती, केवळ बाहेरचे असते तर टिकाव नव्हता. विद्येचेही तसेच आहे.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: पोर गेले की परतत नाही. यावर करारनामा हा उपाय सुचतो. बडोद्यानेही डॉ. आंबेडकरांकडून दहा वर्षे नोकरीचा करार लिहून घेतला होता. ते करार पाळण्यास १९१७ साली बडोद्यास गेलेही. परंतु जातीमुळे त्यांस राहण्यास त्या नगरीत जागा मिळेना, तेव्हा परतावे लागले. करार विद्वानाने नव्हे, गावाने मोडला. आता आपल्या कोल्हापूरचे उदाहरण घ्यावे. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, तेव्हा येथील आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील स्त्रियांच्या कक्षाची जागा करवीर संस्थानाने त्यांस देऊ केली होती. दुर्दैवाने त्या काम हाती घेण्यापूर्वीच १८८७ च्या फेब्रुवारीत निवर्तल्या. पण माणूस परत यावयाचा असेल तर त्याची जागा आधी मांडून ठेवावी लागते, हे या गावास तेव्हाच कळले होते. ज्या पोरास परत येऊन खताच्या दुकानात हिशेब लिहावयाचा आहे, ते परत का यावे?

म्हणून आमची सूचना येणेप्रमाणे आहे. कारखान्याने टनामागे एक रुपया या कामी वेगळा काढावा. दहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्याचे दहा लाख रुपये होतात. ज्याचा ऊस शंभर टन गेला, त्याच्या बिलातून शंभर रुपये जातील. मांजरीची वसंतदादा साखर संस्था कारखान्यांच्या वर्गणीवरच उभी राहिली व तिचे फळ आपण खात आहो. तेव्हा ही रीत आपणास नवी नाही. हिशेबापुरते एका विद्यार्थ्यास सहा महिन्यांस पाच लाख धरले, तर एका कारखान्याच्या निधीतून वर्षास दोन मुले जातील. विद्यापीठाने तेवढीच रक्कम आपल्या बाजूने घातली तर चार जातील. शिवाजी विद्यापीठ व राहुरीचे विद्यापीठ या दोघांनीही याचा विचार करावा.

मात्र चार अटी असाव्यात. निवड गुणांवर व कामावर व्हावी, आणि संचालकांच्या सोयऱ्या-धायऱ्यांस या निधीस हात लावता येऊ नये. पाच एकरांच्या आतील खातेदाराच्या मुलामुलींस प्रथम हक्क असावा. रक्कम निघण्यापूर्वी हाती द्यावी. व्हिसाच्या वेळी खात्यात शिल्लक दाखवावी लागते, आणि जो ती दाखवू शकतो त्यास पावत्या जोडून मागाहून मिळणाऱ्या मदतीची गरजच नसते. कारकुनीत जन्म गेल्यामुळे हे आम्ही खात्रीने सांगतो. चौथी अट, परतल्यावर विद्यार्थ्याने आपले काम मराठीत लिहून द्यावे, गावोगावी सभासदांपुढे सांगावे, आणि कारखान्याने त्यास दोन हंगाम एक प्रयोगक्षेत्र व पोटापुरता पगार द्यावा. ही शेवटची अट विद्यार्थ्यापेक्षा आपल्यावर अधिक आहे.

शेतकऱ्यांचे परदेश अभ्यासदौरे निघतात व त्यांच्या खर्चाचा काही भाग शासन सोसते. आम्ही त्यास नावे ठेवीत नाही. परंतु आठ-दहा दिवसांत पाहून आलेले डोळे आणि सहा महिन्यांत शिकून आलेला हात, यांत अंतर आहे.

या सूचनेचा विचार येत्या वार्षिक सभेत व्हावा. कोणा सभासदाने ठराव मांडल्यास अनुमोदन देण्यास आम्ही हजर आहो. जी मुलगी जाऊ शकली नाही तिचे वर्ष आता परत येणार नाही. परंतु तिच्या धाकट्या बहिणी आज कृषी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात बसल्या आहेत, आणि त्यांच्या बापांच्या सातबाऱ्यावर अजून रानच आहे.