चिरा देण्याआधीचं इंजेक्शन आणि नंतरची चिठ्ठी

गेल्या दिवाळीनंतर आमच्या चुलतभावाचं हर्नियाचं ऑपरेशन तालुक्याच्या गावी झालं. दवाखान्याचं नाव कशाला घ्या, डॉक्टर हाताला गुण असलेला आहे. ऑपरेशन तासाभरात उरकलं. पण पुढे पाच दिवस सकाळ-संध्याकाळ इंजेक्शनं आणि घरी जाताना आठवड्याच्या गोळ्या. वहिनी रोज चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये. शेवटी भाव नसताना सोयाबीन विकलं.

एवढं औषध लागतं का? साध्या, स्वच्छ ऑपरेशनला लागत नाही. जंतू जखमेत शिरतात ते चिरा दिल्यापासून टाके घालीपर्यंत. तेव्हा औषध रक्तात हजर पाहिजे. जॉन बर्क या अमेरिकन सर्जनने १९६१ सालीच गिनिपिगांवर दाखवलं की जंतू शिरल्यावर तीन तासांनी दिलेलं औषध वाया जातं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ साली सांगितलं, की डोस चिरा देण्याआधीच्या दोन तासांत द्यावा आणि ऑपरेशन संपल्यावर लांबवू नये. सेफाझोलिनसारखं जुनं औषध बहुतेक ठिकाणी पुरतं. ऑपरेशन फार वेळ चाललं तर मध्ये आणखी एक डोस, बस्स.

अपेंडिक्स फुटून पोटात पू झाला तर गोष्ट वेगळी. तिथे कोर्स पुरा करावाच लागतो. तेव्हा हे वाचून कुणी आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत.

डॉक्टरांचीही अडचण आहे. टाके पिकले की नातेवाईक दारात उभे! त्यात नर्स अपुऱ्या, वीज केव्हा जाईल नेम नाही, मग औषधाचा आधार घेतला जातो. पण न उकळलेली हत्यारं आणि न धुतलेले हात यांची भरपाई औषधाने होत नाही. आदल्या दिवशी वस्तऱ्याने केस काढायची पद्धतही अजून आहे. त्याने कातडीला बारीक जखमा होतात. आणि आपण तरी काय, महागडं इंजेक्शन दिलं की डॉक्टर मोठा! उगाच दिलेल्या औषधाला जंतू सरावतात. मग उद्या बाळंतिणीला खरोखर ताप भरला, तर तेच औषध लागू पडत नाही.

जिल्हा शल्यचिकित्सकांनी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या ऑपरेशन थिएटरात एक तक्ता लावावा: कुठलं औषध, किती वाजता, कधी बंद. केसपेपरवर तशी नोंद व्हावी आणि महिन्याला ती तपासावी. खासगी दवाखान्यांनीही हे करायला हरकत नसावी, खर्च एका कागदाचा आहे. भावाच्या कागदांत बिलं सगळी आहेत, पहिलं इंजेक्शन केव्हा दिलं ते कुठेच लिहिलेलं नाही.