आळेफाट्याहून नगरकडे

'पॉझिटिव्ह राहा' हा आपल्या ऑफिसांतला सगळ्यात स्वस्त सल्ला. अप्रेझल बोंबललं, पॉझिटिव्ह राहा. ब्रेकअप झालं, पॉझिटिव्ह राहा. पण राहायचं कशाच्या भरवशावर, ते मात्र कुणीच सांगत नाही, बॉस!

माझ्या एका मैत्रिणीला हा प्रश्न पडलेला नाही. ती मूळची आंबेगाव तालुक्यातली, मराठी ख्रिस्ती घरातली. गेल्या महिन्यात तिच्या आईचं मोठं ऑपरेशन झालं. मी बाहेर बसून बिलाचा हिशेब करत होते, ही डोळे मिटून प्रार्थना करत होती. न राहवून मी विचारलंच, ''समजा, नाही ऐकलं त्याने तर?'' ती म्हणाली, ''आई बरी होईलच, अशी गॅरंटी मी मागतच नाहीये गं. यात मी एकटी नाही, एवढंच मला माहितीये.'' आईची ट्रीटमेंट अजून चालू आहे. पुढे काय होईल, डॉक्टरही सांगू शकत नाहीत. ही मात्र रात्री झोपू शकते. मला तर साध्या डेडलाइनने झोप येत नाही!

असला भरवसा येतो कुठून? मला एक उत्तर आपल्याच भागात सापडलं. पुणे-नाशिक हायवेने मंचर, नारायणगाव मागे टाकलं की जुन्नर तालुक्यातला आळेफाटा लागतो. सरळ गेलात तर नाशिक, उजवीकडे वळलात तर आणे घाटातून नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. या दोन टोकांमध्ये लक्ष्मीबाई टिळकांचं बरंचसं आयुष्य गेलं. जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. घर कर्मठ, सोवळंओवळं कडक. नवरा कवी नारायण वामन टिळक. या टिळकांना एकदा रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका गोऱ्या प्रवाशाने 'नवा करार' वाचायला दिला. ते वाचत गेले, विचार करत गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता बाईंच्या जागी स्वतःला ठेवून बघा. नवरा एका दिवसात 'परका' झालेला, पदरात लहान मूल, नातेवाइकांचे टोमणे वेगळेच. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. परत आल्या त्यासुद्धा आपलं सोवळं सांभाळूनच. नवऱ्याने ओढलं म्हणून त्यांनी धर्म बदलला नाही. आधी त्यांनी जातीचा विचार केला. माणसं देवाने केली, जाती माणसांनी केल्या, हे त्यांचं त्यांनाच पटलं आणि शिवाशीव सुटली. मग १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे विश्वास हा काही एका झटक्यात पडलेला प्रकाश नव्हता. पायरी पायरीने चढलेला तो घाट होता.

त्यानंतर संकटं संपली का? छे! पैशाची ओढाताण तशीच राहिली. टिळकांचा हात देण्यासाठी कायम मोकळा, त्यामुळे घर चालवणं ही बाईंची परीक्षा. त्यात दुष्काळातली अनाथ मुलं घरात आली आणि बाई त्यांची आई झाल्या. ९ मे १९१९ ला टिळक गेले, तेव्हा बाई पन्नाशीत होत्या.

मला वाटतं, आपली गल्लत इथेच होते. आपण आशेला अपेक्षा समजतो. अपेक्षेला तारीख असते, रिझल्ट असतो आणि रिझल्ट बिघडला की आपणही कोसळतो. लक्ष्मीबाईंची आशा त्या जातीची नव्हती. देव दुःख टाळेल असं त्यांनी धरलं नाही. दुःखातही तो सोबत असेल, असं धरलं. आणि ख्रिस्ती श्रद्धेचा तर गाभाच क्रूस! तिथे वेदनेला बायपास नाहीच.

तुम्ही चर्चला जात असाल, मंदिरात जात असाल किंवा कुठेच जात नसाल, 'स्मृतिचित्रे' एकदा वाचाच. लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या या बाईने स्वतःवर हसत हसत आपलं आयुष्य सांगितलंय. फोनवर गप्पा मारल्यासारखी भाषा. रडगाणं शोधूनही सापडणार नाही.

आणखी एक. टिळकांनी येशूच्या चरित्रावर 'ख्रिस्तायन' नावाचं महाकाव्य लिहायला घेतलं होतं. ते अर्धवट ठेवून ते गेले. पुढचे अध्याय कुणी लिहिले असतील? लक्ष्मीबाईंनी! ज्या येशूमुळे एके काळी संसार मोडतो की काय अशी वेळ आली होती, त्याचीच गोष्ट त्या म्हातारपणी पुरी करत बसल्या. २४ फेब्रुवारी १९३६ ला त्या गेल्या.

'पॉझिटिव्ह राहा' असं त्यांना कुणी सांगितलं असेल, असं वाटत नाही. त्या रोज उठून पुढचा अध्याय लिहीत राहिल्या.