भत्ता मिळाला, पंगत मोडली

जून-जुलै उजाडला की नंदुरबार, किनवट, पेठ-सुरगाणा, गडचिरोली या भागांतील मुलेमुली एक पिशवी आणि गुणपत्रिकांची फाईल घेऊन पुणे, नाशिक, नागपूरच्या स्थानकांवर उतरतात. त्यांना महाविद्यालयात प्रवेश मिळालेला असतो. शहरात मिळालेला नसतो. खोली पाहायला गेले की भाड्याच्या आधी आडनाव विचारले जाते. वर्गात तोंड उघडले की बोलण्याच्या हेलावर हशा पिकतो. पहिल्या सहा महिन्यांत ज्याला 'आपले' म्हणता येईल असे एखादे ठिकाण या विद्यार्थ्याला सापडते की नाही, यावर तो शिकणार की गावी परतणार, हे पुष्कळदा ठरते. हा प्रश्न मनाच्या दुबळेपणाचा म्हणून बाजूला सारण्याची प्रथा आहे. वस्तुतः तो छपराचा आणि चुलीचा, म्हणूनच सार्वजनिक खर्चाचा प्रश्न आहे.

महाराष्ट्राला हे फार पूर्वी उमगले होते. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगला आधार दिला आणि पुढे जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा विविध समाजांची वसतिगृहे उभी राहिली. सर्वांनी एका पंक्तीला बसण्याइतका समाज तेव्हा तयार नव्हता. म्हणून आधी प्रत्येकाला छप्पर, हा त्यामागचा व्यवहार होता. पण जातीच्या छपराला जातीची भिंतही असते. कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहणारे भाऊराव पाटील अस्पृश्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेले आणि त्यापायी त्यांना आपले वसतिगृह सोडावे लागले. त्याच भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने मोडले. त्याच काळात अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढीत होते. पुढे बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेस महाविद्यालय स्थापन केले. त्या मिलिंदच्या परिसरात शिकायला आलेल्या पिढीने दलित साहित्याला आवाज दिला. एकत्र जेवणाऱ्या, रात्री जागून वाद घालणाऱ्या मुलांतूनच संस्कृती घडते; अनुदानाच्या तक्त्यातून ती घडत नाही.

या पार्श्वभूमीवर गेल्या दशकातील सरकारी धोरणाकडे पाहिले पाहिजे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आली. मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी तेव्हा ठरलेली रक्कम वर्षाला ६०,००० रुपये, म्हणजे महिन्याला ५,००० होती. ही मदत आवश्यक होती, यात शंका नाही. पण वसतिगृहाला पूरक म्हणून आलेली रोख रक्कम हळूहळू वसतिगृहाचा पर्याय मानली जाऊ लागली. २०१८ साली तर आदिवासी वसतिगृहांतील खानावळी बंद करून जेवणाचे पैसे विद्यार्थ्यांच्या खात्यात जमा करण्याचा निर्णय झाला. जुलैमध्ये त्याविरुद्ध आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिकला पायी निघाले; सिन्नर तालुक्यात पोलिसांनी त्यांना अडवले. हाती पैसे देऊ केले असताना ही मुले भर पावसाळ्यात रस्त्यावर का उतरली, हे शासनाने समजून घ्यायला हवे होते.

अर्थशास्त्राच्या साध्या हिशेबानेही मुलांचेच म्हणणे बरोबर होते. शंभर जणांचे धान्य एकत्र घेतले तर स्वस्त पडते. एकट्याचा डबा महाग पडतो. खानावळवाला महिन्याचे पैसे आगाऊ मागतो, घरमालक अनामत मागतो, आणि सरकारी रक्कम मात्र सवडीने जमा होते. मधल्या महिन्यांत उधारी वाढते, किंवा जेवणाची रक्कम घरच्या अडचणीला जाते. भाववाढीचा भार सामुदायिक स्वयंपाकघरात संस्था उचलते, भत्त्यात तो मुलाच्या पोटावर पडतो. मुलींच्या बाबतीत तर वसतिगृह नसेल तर शहरात पाठवायचे नाही, असाच घराघरांतला निर्णय असतो. आणि ज्याची किंमत कोणत्याच हिशेबात धरली जात नाही ती गोष्ट, म्हणजे पंगत, भत्त्याबरोबर संपते. प्रत्येक जण आपापला डबा घेऊन आपापल्या खोलीत जातो. आजारी कोण, फी कोणाची राहिली, वर्गात अपमान कोणाचा झाला, हे कोणाला कळायचे कसे?

जुन्या खानावळी आदर्श होत्या, असे कोणी म्हणणार नाही. ठेकेदारांची लूट, पातळ वरण, किडका तांदूळ यांविरुद्ध विद्यार्थ्यांनीच वारंवार आवाज उठवला होता. परंतु शाळेत शिक्षक नीट शिकवत नाही म्हणून कोणी शाळा मोडून मुलांच्या हाती पुस्तकाचे पैसे देत नाही. ठेकेदाराला हटवून विद्यार्थ्यांच्या समितीकडे कारभार देणे, हाच त्यावरचा उपाय होता.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. प्रवेशांच्या प्रमाणात वसतिगृहांच्या जागा वाढवाव्यात, भत्ता पूरक ठेवावा, स्वयंपाकघर विद्यार्थ्यांच्या देखरेखीखाली चालवावे, आणि खोल्या देताना जात व जिल्हा यांची सरमिसळ करावी. कार्यकर्त्यांनीही केवळ निवेदने देऊन थांबू नये. आपल्या शहरात नव्याने आलेली मुले कोठे राहतात, काय खातात, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे. ज्यांच्या घरात रिकामी खोली आहे त्यांनी ती आडनाव न विचारता द्यावी. समतेची परीक्षा व्यासपीठावर होत नाही. ती घराच्या उंबरठ्यावर होते.